तळ चाचपताना : लेक फोर्कवरचं बास फिशिंग

प्लास्टिकचं गांडूळ गळाला लावायचं, त्याच्या पुढे गोळीच्या आकाराचं वजन, आणि हे सगळं तलावाच्या तळावरून सावकाश ओढत आणायचं. मध्येच कुठेतरी बासने, म्हणजे गोड्या पाण्यातल्या या शिकारी माशाने, ते तोंडात घेतलं तर ते हाताला कळलं पाहिजे. याला टेक्सास रिग म्हणतात. बास पकडायच्या ढीगभर पद्धती आहेत, पण आधी हीच शिक असं काकांनी बजावलं. काका माझ्या नात्यातले नाहीत. टेक्सासातल्या डॅलसच्या मराठी मंडळींत ते सगळ्यांचेच काका, आणि निवृत्त झाल्यापासून त्यांचा निम्मा आठवडा पाण्यावर जातो.

मी म्हटलं, "काका, क्रँकबेटने, त्या माशासारख्या टणक आमिषाने, सुरुवात केली तर? ते सोपं असतं म्हणतात."

"सोपं आहे म्हणूनच नको. क्रँकबेटला मासा आपला आपण अडकतो. हे शिकलास तर तळ कळेल तुला. आणि तळ कळला की मासा कुठे असेल ते विचारायला माझ्याकडे यावं लागणार नाही."

दुकानात गेलं की रॉड (गळाची काठी), रील (लाइन गुंडाळायचं चाक), लाइन (गळाची दोरी), वजनं, बोटी, पाण्याखालचं दाखवणाऱ्या स्क्रीन यांच्या भिंतीच्या भिंती दिसतात आणि माणूस गांगरतो. माझं आता असं ठाम मत झालंय की यातली जवळजवळ सगळी खरेदी एकाच कामासाठी असते: शंभर फुटांवर, पंधरा फूट पाण्याखाली काय चाललंय ते हातापर्यंत यावं. एखादी वस्तू त्यात मदत करते का, एवढं विचारलं तरी निम्मं दुकान बाद होतं.

तलावाबद्दल थोडं सांगतो, कारण पद्धत आणि जागा यांचा इथे घट्ट संबंध आहे. लेक फोर्क डॅलसच्या पूर्वेला, गाडीने साधारण दीड तासावर. सबीन नदीला मिळणाऱ्या लेक फोर्क क्रीकवर धरण बांधलं, ते १९८० मध्ये पूर्ण झालं. क्षेत्रफळ सुमारे २७ हजार एकर. पाणी भरायच्या आधी खोऱ्यातली बरीच झाडं तोडलीच नाहीत, त्यामुळे आजही मैलोन् मैल वाळलेले बुंधे पाण्यात उभे दिसतात आणि त्याहून जास्त पाण्याखाली न दिसता उभे असतात. इथे फ्लोरिडा जातीचे बास सोडले, ते प्रचंड वाढले. राज्याच्या वन्यजीव खात्याने मोठ्या माद्या पिल्लं काढण्यासाठी उसन्या घेण्याची योजना १९८६ मध्ये सुरू केली, तेव्हा त्यातली पहिली मादी याच तलावातली होती, १७.६७ पौंडांची. टेक्सासचा विक्रमी बासही इथलाच: १८.१८ पौंड, २४ जानेवारी १९९२. तो बॅरी सेंट क्लेअर यांना लागला तेव्हा ते बासच्या मागे नव्हतेच, क्रॅपी नावाच्या छोट्या माशासाठी जिवंत मिनो (बारीक मासा) लावून बसले होते. काका हा किस्सा दर वेळी सांगतात, विशेषतः मी एखादं महागडं आमिष हातात घेतलं की.

परवान्याचं काम किरकोळ आहे. ऑनलाइन मिळतो. मात्र टेक्सासचं परवाना-वर्ष १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट असं चालतं, त्यामुळे फेब्रुवारीत घेतलेला साधा परवाना सहा महिन्यांत संपतो. १५ हॉर्सपॉवरच्या वरची बोट चालवायची तर १ सप्टेंबर १९९३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना बोट-सुरक्षेचा कोर्स सक्तीचा आहे. माझा जन्म त्याच्या आधीचा, तरी मी तो केला. बॉयांचे, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांचे, रंग आणि समोरून बोट आली तर कुणी कुणाला वाट द्यायची, एवढ्यासाठी तरी करावा.

आता रील. बेटकास्टर रील हे सगळ्यांना आधी रडवतं. रॉडच्या वर बसणारं, आडव्या स्पूलचं (स्पूल म्हणजे लाइन गुंडाळलेलं रीळ). फेकताना आमिष लाइन ओढत पुढे जातं आणि स्पूल फिरतो. हवेत आमिषाचा वेग कमी होतो, पण स्पूल मात्र त्याच वेगात फिरत राहतो, सुटलेली लाइन बाहेर जायला जागा नसते आणि तिथेच गुंता होतो. तो बॅकलॅश. यासाठी रीलला दोन गोष्टी दिलेल्या असतात. हँडलच्या बाजूला ताणाची लहान चकती, आणि दुसऱ्या बाजूला ब्रेक, चुंबकाचा किंवा केंद्रोत्सारी. काकांनी अंगणात उभं केलं, गळ काढून नुसतं वजन बांधलं आणि म्हणाले, बटण दाब. वजन सावकाश खाली जाऊन जमिनीला टेकल्या क्षणी स्पूल थांबला पाहिजे, तिथपर्यंत चकती आवळ. ब्रेक जवळजवळ पूर्ण लावून ठेव. मग फेक. अंगठा स्पूलवर अलगद टेकलेला, आणि वजन जमिनीला लागायच्या जरा आधी दाबलेला.

पहिले दिवस अंतर फारसं मिळत नाही, मिळू नये. अंगठा शहाणा होईल तसतसा ब्रेक एकेक घर कमी करत जायचा. गुंता झालाच तर लोक लगेच एकेक वेटोळं उपसायला बसतात. त्याआधी एक करून बघावं: अंगठ्याने स्पूल घट्ट दाबायचा, तसाच दाबून हँडल तीन-चार वेळा फिरवायचं आणि मग लाइन ओढायची. आतली वेटोळी सपाट होतात आणि बऱ्याचदा लाइन सरळ सुटून येते. हे मला कुणी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर बरीच लाइन कचऱ्यात गेली नसती. काकांना विचारलं तर म्हणाले, "गुंता सोडवल्याशिवाय अंगठ्याला अक्कल येत नाही." असेल.

रॉड सात फुटांचा, मीडियम हेवी, फास्ट ॲक्शनचा घेतला. फास्ट म्हणजे फक्त टोकाकडचा भाग वाकतो, खालचा ताठ राहतो. टोक हलकं असल्यामुळे बारीक धक्का कळतो आणि खालचा भाग ताठ असल्यामुळे गळ रुतवताना जोर थेट जातो. पैसे कमी असतील तर रीलवर वाचवावेत, रॉडवर नको. साध्या रीलनेही मासा ओढून येतो, पण मेलेल्या रॉडमधून खबर येत नाही. रॉड धरायचीही एक रीत आहे. तर्जनी पुढे करून लाइनच्या खाली टेकवायची, म्हणजे लाइन बोटावरून सरकत राहते. रॉडमधून न आलेली गोष्ट कधी कधी तिथे कळते.

लाइनचा विषय काकांशी सगळ्यात जास्त चर्चिला गेला. साधी नायलॉनची मोनोफिलामेंट स्वस्त, पण ती ताणली जाते आणि पाणी पिऊन आणखी सैल होते. तळावरची टकटक त्या ताणातच विरते. विणलेली लाइन, तिला ब्रेड म्हणतात, जवळजवळ ताणली जात नाही, पण ती पाण्यावर तरंगते. वारा असला की वरच्यावर कमान धरते. फ्लुओरोकार्बन पाण्यापेक्षा बरीच जड, म्हणून बुडते आणि आमिषापासून रॉडपर्यंत सरळ राहते. खालच्या लाकडांना घासून ती खरखरीत होते हे खरं, म्हणून शेवटची दोन-तीन फूट लाइन मधूनमधून नखाने चाचपायची आणि खडबडीत लागली की कापून नवी गाठ मारायची. गाठ पॅलोमर नावाची. आवळण्याआधी ती थुंकीने ओली करायची. कोरडी आवळली तर घर्षणाने फ्लुओरोकार्बन तिथेच कमकुवत होते आणि मोठा मासा नेमका तिथेच तोडतो. मी १५ पौंडी, म्हणजे तेवढा ताण सोसणारी, वापरतो. काका २० पौंडी, कारण त्यांना बुंध्यांच्या गर्दीत घुसायची खोड आहे.

वजनासाठी शिसं की टंगस्टन? टंगस्टन कित्येक पटींनी महाग, आणि बुंध्यांत अडकून हरवलं की जीव हळहळतो. तरी मी टंगस्टनच घेतो. शिशाची घनता ११.३, टंगस्टनची १९.३, त्यामुळे तेवढ्याच वजनाचं टंगस्टन आकाराने बरंच लहान आणि शिवाय कडक. शिसं मऊ असतं, ते दगडावर आपटलं तर धक्का स्वतःच पिऊन टाकतं. टंगस्टन तो धक्का वर पाठवतं. तीन अष्टमांश औंसाचं वजन इथे बहुतेक कामं भागवतं.

गांडूळ लावण्यात एक बारकावा आहे. बाक दिलेला, डोळ्यापाशी पायरीसारखा वळलेला गळ असतो. त्याचं टोक गांडुळाच्या डोक्यातून पाव इंच आत घालून बाजूने बाहेर काढायचं, गळ अर्धा फिरवून गांडूळ वर डोळ्यापर्यंत सरकवायचं. मग गळ शेजारी धरून तो कुठे बाहेर येईल ते मोजायचं, तिथे गांडूळ किंचित वाकवून टोक आरपार काढायचं आणि शेवटी टोक पाठीच्या कातडीत जेमतेम लपवायचं. आता उचलून बघा. गांडूळ सरळ लोंबतंय? ठीक. जराही वाकडं असेल तर पाण्यात ते भिरभिरतं, लाइनला पीळ बसतो आणि मासा त्याकडे ढुंकूनही बघत नाही. काका माझं गांडूळ उजेडात धरून एक डोळा मिटून बघायचे आणि न बोलता परत द्यायचे. टोक लपलेलं असल्यामुळे हे रिग बुंध्यांत आणि हायड्रिला या पाणवनस्पतीच्या गर्दीत शिरून बाहेर येतं. लेक फोर्कसारख्या ठिकाणी त्याशिवाय निभाव लागणं कठीण.

प्लास्टिकचं गांडूळ मुळात ओहायोतल्या ॲक्रनमध्ये निक क्रीम यांनी १९४९ मध्ये घरच्या स्वयंपाकघरात ओतून बनवलं. पुढे त्यांची कंपनी टेक्सासात टायलरला आली. टायलर लेक फोर्कपासून फार लांब नाही. तेव्हा आपण हे गांडूळ त्याच्या घराजवळच वापरतो असं म्हणायला हरकत नाही.

बोट घ्यायची वेळ आली तेव्हा काकांनी माझ्या डोक्यातून फायबरग्लासची चकचकीत बास बोट काढून टाकली. २०० हॉर्सपॉवरवर सत्तर मैलांच्या वेगाने जायचं कुठे, खाली बुंधे आहेत. शेवटी १७ फुटी ॲल्युमिनियमची सेकंडहँड बोट बघायला लागलो. ती हलकी, साध्या गाडीने ओढता येते आणि बुंध्याला घासली तर पोचा पडतो, भोक पडत नाही, निदान सहसा पडत नाही.

जुनी बोट बघताना लोक कार्पेट आणि सीट बघतात. काका सरळ मागे गेले. आऊटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेली, मोटर वर उचलली, तिच्या खालच्या टोकाला धरून वर-खाली जोर दिला आणि मागच्या आडव्या फळीकडे बघत राहिले. एका बोटीत ती फळी मोटरबरोबर हलली. आतलं प्लायवुड कुजलेलं. मालक म्हणत होता नुकतंच पॉलिश केलंय. काका म्हणाले, "चल रे, जेवायला उशीर होतोय," आणि आम्ही निघालो. दुसऱ्या ठिकाणी बोट उत्तम होती, पण मालकाकडे मोटरचं टायटल, म्हणजे मालकीचा कागद, नव्हतं. टेक्सासात बोटीचं टायटल वेगळं आणि आऊटबोर्ड मोटरचं वेगळं असतं. मोटरवरचा सीरियल नंबर टायटलशी जुळला नाही किंवा कागदच नसला, तर स्वस्तात मिळतेय म्हणून घेऊ नये. ती मोटर नावावर करताना नाकी नऊ येतात. शेवटी जी घेतली ती ६० हॉर्सपॉवरची, सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून, ट्रेलरच्या चाकांचे हब हाताने फिरवून आणि पाण्यात चालवून बघूनच. पाण्यात चालवून दाखवायला जो कां-कूं करतो त्याच्याकडून घेऊच नये.

मोटर चालवताना इंजिन बंद करणारी दोरी अंगाला अडकवणं २६ फुटांखालच्या बोटींना १ एप्रिल २०२१ पासून देशभर कायद्याने बंधनकारक आहे. माणूस पडला की दोरी निघते, इंजिन बंद पडतं. लेक फोर्कवर बॉया लावून आखलेल्या वाटा आहेत. त्यांच्या बाहेर गेलात की गती अगदी कमी. पाण्याखालचा बुंधा दिसत नाही, तो प्रोपेलरला दिसतो.

मोठी मोटर फक्त जागेवर पोचवते. तिथून पुढचं सगळं काम पुढच्या टोकाला बसवलेल्या विजेच्या ट्रोलिंग मोटरचं. ही शोधली १९३४ मध्ये नॉर्थ डाकोटातल्या फार्गोत ओ. जी. श्मिट यांनी. आवाज न करता बोट फूट-दोन फूट सरकवायची किंवा एका जागी धरून ठेवायची. मला वाटायचं रॉड आणि लाइन जमली की झालं. पण तळ कळण्यातला सगळ्यात मोठा अडथळा निघाला बोट.

वारा बोटीला बाजूला ढकलतो. बोट सरकली की पाण्यात पडलेली लाइन सरळ राहत नाही, तिला पोट येतं. पोट आलेल्या लाइनमधून काहीही कळत नाही. वजन तळावर पडलंय की लटकतंय हेही नाही. शिवाय बोट मागे सरकत असेल तर आपण गांडूळ ओढतोय असं वाटतं आणि प्रत्यक्षात बोटच ते ओढत असते. आमिष तळावरून धावतं, बास बघून सोडून देतो. काकांनी उपाय दिला तो असा: बोटीचं तोंड नेहमी वाऱ्याकडे, ट्रोलिंग मोटर सतत मंद चालू. बोट वाऱ्याने मागे ढकलली जाते आणि मोटर तिला तेवढंच पुढे नेते. मग आमिष वाऱ्याच्या दिशेला किंवा वाऱ्याच्या विरुद्ध फेकायचं, आडवं नको. आता जीपीएसवर बोट आपोआप एका जागी धरून ठेवणाऱ्या मोटरी मिळतात, ती सोय फार मोलाची आहे. पण आधी पायाच्या पेडलवर शिकावं. त्याने वारा कळायला लागतो. वारा कळला तर कोणत्या टोकावर जायचं हेही ठरतं, कारण वारा ज्या काठावर आदळतो तिथे शॅड हे छोटे मासे ढकलले जातात आणि बास त्यांच्या मागे येतात.

आता मुख्य गोष्ट. बोट स्थिर, लाइन सरळ, वजन तळावर. रॉडचं टोक घड्याळाच्या काट्यासारखं नऊच्या स्थितीतून अकरापर्यंत हळू उचलायचं, परत खाली आणत सैल लाइन गोळा करायची. उचलताना ओढायचं, रीलने ओढायचं नाही. रीलने ओढलं की तळ कळत नाही. आणि हळू, काकांच्या मते मला वाटतं त्याच्या निम्म्या वेगाने.

चिखलाचा तळ काहीच बोलत नाही. वजन जड होतं, रुतल्यासारखं येतं, सुटतं, बस. खडीचा तळ लागला की एकदम बोलू लागतो: किसणीवरून नख फिरवावं तशी बारीक सलग खरखर टोकातून येते. कडक लाल मातीवर वजन गुळगुळीत सरकतं, मध्येच एखादी टकटक. शिंपले असतील तर ती टकटक कोरडी आणि सुटी. बुंधा वेगळाच. आधी ताण वाढतो, रॉडचं टोक थोडं वाकतं, मग वजन वर चढून एकदम सुटून खाली पडतं. फांदीवरून उतरताना तो क्षण महत्त्वाचा, कारण बास बहुतेकदा तिथेच घेतो. हायड्रिला स्पंजासारखा धरून ठेवतो, जरा झटका दिला की देठ तुटून आमिष मोकळं होतं.

कडक तळ शोधण्याला वसंतात एवढं महत्त्व का, ते सांगतो. पाणी ६० अंश फॅरनहाइटच्या आसपास पोचलं की पूर्व टेक्सासात बास अंडी घालायला उथळ पाण्यात येऊ लागतात, साधारण फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत. नर शेपटीने तळ झाडून घरटं करतो आणि तो चिखलात घरटं करायला बघत नाही. त्याला खडी किंवा कडक माती लागते. अंडी घालायच्या आधी हे मासे जुन्या ओढ्याच्या खोल पात्राजवळ, खाडीच्या आतल्या छोट्या टोकांवर थांबतात. तेव्हा काम असं: नकाशावर ओढ्याचं पात्र काठाला कुठे चिकटतं ते बघायचं, त्याच्या बाजूच्या टोकावर जायचं आणि वजन ओढत चिखल कुठे संपतो, खडी कुठे सुरू होते ती रेघ शोधायची. सोनारच्या (पाण्याखाली ध्वनी सोडून चित्र दाखवणाऱ्या) स्क्रीनवर कडक आणि मऊ तळ वेगळे दिसतात, हे मान्य. आता समोर फेकणारे लाइव्ह सोनार आलेत, त्यात मासा आमिषाकडे येताना दिसतो. काकांच्या मित्राच्या बोटीवर मी ते बघितलं आणि दहा मिनिटांत मान खाली घालून स्क्रीनकडे बघत बसल्याचं लक्षात आलं. लोकांना आवडतं. मला अजून तरी रॉडचं टोक बघायला आवडतं.

घरट्यावरच्या नराला मी गळ टाकत नाही. कायद्याने मनाई नाही, पण नर उचलला की घरट्यावर दबा धरून बसलेले ब्लूगिल काही क्षणांत अंडी साफ करतात. काकाही टाकत नाहीत. त्यांचं कारण वेगळं. ते म्हणतात, दिसणारा मासा पकडण्यात मजा काय.

मार्चमधल्या एका ढगाळ सकाळी पाणी ५९ अंशांवर होतं. खाडीच्या आतल्या एका टोकावर आम्ही बोट धरली. खडीची खरखर लागली, मग एक बुंधा, वजन चढलं, सुटलं, खाली पडलं. आणि तळाला टेकल्याचा धक्का आला नाही.

एवढंच. टक नाही, झटका नाही. लाइन आधी जेवढी सैल होती त्यापेक्षा थोडी जास्त सैल झाली.

"पाण्यात बघ," काका शांतपणे म्हणाले. लाइन पाण्यात जिथे शिरत होती ती जागा सावकाश डावीकडे सरकत होती. मी रॉड खाली केला, सैल लाइन भराभर गुंडाळली आणि ताण लागताच रॉड कंबरेतून जोरात वर ओढला. रॉड अर्धा वाकला आणि तिथेच थांबला. मग पलीकडून ओढ आली.

टेक्सास रिगचा चावा असा असतो हे मी आधी कितीतरी ठिकाणी वाचलं होतं. सगळे टकटक म्हणतात, दोन टकटक म्हणतात, आणि तशा येतातही, पण मोठे बास पुष्कळदा आमिष उचलून तसेच तुमच्याकडे पोहत येतात. तेव्हा जे होतं ते असं काहीतरी: वजन नाहीसं होतं. धक्का यायला हवा होता तिथे आला नाही, एवढीच खूण. तळ पाठ असल्याशिवाय ही खूण कळत नाही. काका पहिल्या दिवसापासून तळ-तळ का करत होते, ते तेव्हा माझ्या हाताला समजलं.

मासा बुंध्याकडे वळला. काका पुढे पेडलवर होते, त्यांनी बोट खोल पाण्याकडे काढली, आणि मी फक्त रॉड वाकलेला ठेवला. पाण्यातून एकदा अर्धा बाहेर आला, डोकं झटकलं, परत खाली. जाळ्यात घेतला तेव्हा गळ जबड्याच्या कोपऱ्यात नीट रुतलेला होता. पक्कड लावून एका हिसक्यात निघाला.

मोजायची पट्टी आधी पाण्यात बुडवून ओली केली. कोरड्या पट्टीवर माशाच्या अंगावरचा चिकट थर निघून जातो आणि त्याला रोग धरतात. तोंड मिटवून, शेपूट चिमटीत धरून मोजला: साडेएकोणीस इंच. लेक फोर्कवर १६ ते २४ इंचांमधला बास ठेवता येत नाही. १६ पर्यंतचे ठेवता येतात आणि २४ किंवा त्याहून मोठा दिवसाला एकच, एकूण पाचाच्या मर्यादेत. बाकीच्या बहुतेक टेक्सासात किमान १४ इंच एवढाच नियम आहे. इथला मधला टप्पा राखून ठेवल्यामुळे मासे मोठे होण्याआधी ताटात जात नाहीत. साडेएकोणीस म्हणजे सरळ पाण्यात. उचलताना मोठ्या बासला नुसतं जबड्याला धरून तिरकं लोंबकळवू नये, जबडा निसटतो. एक हात पोटाखाली. फोटो हवा असेल तर कॅमेरा आधी तयार ठेवून मगच मासा पाण्याबाहेर काढावा. पाण्यात सोडला तेव्हा तो एक क्षण माझ्या हातात तसाच राहिला आणि मग शेपटीने मला भिजवून गेला.

काकांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "त्याच जागेवर परत टाक. एकटा नसतो तो." त्यांचं खरं निघालं, पण पुढचे त्याच्यापेक्षा लहान होते.

बोट बाहेर काढताना रॅम्पवर एक काम नेहमीचं. बोटीतलं, लाइव्हवेलमधलं (मासे जिवंत ठेवायची टाकी), बिल्जमधलं (बोटीचा तळ) पाणी पूर्ण काढून टाकायचं, आणि ट्रेलरला चिकटलेली पानं-देठ उपटायचे. टेक्सासात हे कायद्यानेच करावं लागतं, कारण झेब्रा शिंपले आणि जायंट साल्व्हिनिया ही पाणवनस्पती अशाच एका तलावातून दुसऱ्यात गेले. बोटीचं पाणी सोडायचं बूच, ड्रेनप्लग, काढला की तो ड्रायव्हरच्या सीटवर ठेवायचा, म्हणजे पुढच्या वेळी त्यावर बसल्याशिवाय निघता येत नाही.

जूनपासून मासे खोल गेले. आता वीस-पंचवीस फुटांवरचे कडे आणि पाण्याखाली गेलेल्या जुन्या रस्त्यांचे काठ. तिथे टेक्सास रिगपेक्षा कॅरोलायना रिग जास्त चालतं: पाऊण औंसाचं वजन, खाली मणी, स्विव्हल (फिरती कडी) आणि मग दोन-तीन फुटांचा लीडर, म्हणजे लाइनचा वेगळा तुकडा, ज्याच्या टोकाला गांडूळ मागून तरंगत येतं. वजन तळाशी बोलतं, गांडूळ माशाशी. यात माझं आणि काकांचं अजून जुळलेलं नाही. मी अर्ध्या औंसाचं वजन लावतो, कारण ते चिखलात कमी रुततं आणि चावा लवकर कळतो असं मला वाटतं. काका म्हणतात अर्धा औंस वाऱ्यात नुसता भटकतो, एक औंस लाव, तळ ऐकू येऊ दे. परवा दोघांनी एकाच बोटीवरून, एकाच कड्यावर, आपापलं वजन लावून दुपारपर्यंत घासलं. त्यांना जास्त मासे लागले. ते पुढच्या टोकाला बसले होते म्हणून लागले, असं माझं म्हणणं आहे, आणि पुढच्या शनिवारी जागा बदलायचं ठरलंय.